जाब नसलेली मुलाखत

२४ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तिसऱ्या टप्प्यातील मतदारांच्या बोटावरची शाई अजून ओली असताना, देशातील अनेक वृत्तवाहिन्यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची एक दीर्घ मुलाखत दाखवली. मुलाखत घेणारा पत्रकार नव्हता, हिंदी चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय नट अक्षय कुमार होता. मुलाखतीला 'अराजकीय' असे विशेषण लावण्यात आले होते. पंतप्रधान आंबा खातात काय, खातात तर कसा, त्यांना राग येतो काय, ते इतके थोडे का झोपतात, अशा प्रश्नांची उत्तरे मतदानाच्या ऐन धामधुमीत देशाला ऐकवण्यात आली. महाराष्ट्रातील १७ मतदारसंघांचे मतदान अद्याप व्हायचे होते. राज्यातील १५१ तालुके आदल्या ऑक्टोबरअखेर दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झालेले होते आणि मराठवाड्यात चारा छावण्यांतून जनावरे उभी होती. आंबा त्या अराजकीय चौकटीत बसला. दुष्काळ बसणारा नव्हता.

या प्रकाराचा पुष्कळ उपहास झाला. व्यंगचित्रे निघाली, विनोद झाले आणि विनोद करून लोक मोकळे झाले. परंतु उपहासाच्या भरात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. कोट्यवधी प्रेक्षकांना हा प्रकार विचित्र वाटला नाही. सत्तास्थानी बसलेल्या माणसाला त्याच्या आवडीनिवडी विचाराव्यात, त्याने हसून उत्तरे द्यावीत आणि या देवघेवीला मुलाखत म्हणावे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. चित्रपटतारकांच्या गप्पांच्या कार्यक्रमांनी ती वर्षानुवर्षे लावली. म्हणूनच 'तो तर निव्वळ करमणुकीचा प्रकार, त्याकडे चळवळीच्या माणसांनी कशाला पाहावे' असे म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही.

नामवंतांच्या मुलाखती ही काही आजची गोष्ट नव्हे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा कार्यक्रम त्याच काळात आरंभ पावला आणि सुमारे दोन दशके चालला. त्यात नटनटी येत, आपल्या उमेदवारीच्या दिवसांच्या आठवणी सांगत, हसत आणि हसवत. मराठीत 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमातून लेखक-कलावंत आपल्या निर्मितीविषयी बोलत. त्याच पडद्यावर 'आमची माती, आमची माणसं'मध्ये शेतकऱ्याशीही बोलणे होई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत हेच दूरदर्शन सरकारच्या पायाशी लोळण घेत होते, याचा विसर समाजवाद्यांना तरी पडू नये. परंतु त्या माध्यमाच्या मालकीसंबंधी संभ्रम नव्हता. ते सरकारचे होते, म्हणजे तत्त्वतः जनतेचे होते, आणि ते खऱ्या अर्थाने जनतेचे व्हावे यासाठी भांडता येत होते. जनता सरकारने वर्गीस समिती नेमली ती याच भांडणातून.

१९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या आणि चित्र पालटले. नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वर्ल्ड या इंग्रजी वाहिनीवर 'कॉफी विथ करण' हा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली तो वाहिनी सोडून इंटरनेटवरील मंचावर गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे आठवे पर्व आले. इतकी वर्षे टिकलेला हा कार्यक्रम या साऱ्या प्रकाराचा नमुना म्हणून तपासण्याजोगा आहे. त्याची मांडणी साधी आहे. एक उंची दिवाणखाना, एक कोच, त्यावर दोन तारे, समोर कॉफीचे पेले. कोणाचे कोणाशी जमले, कोणाचे बिनसले, कोण अधिक देखणा, कोणाच्या अभिनयाला किती गुण, असे प्रश्न. शेवटी प्रश्नांची एक झटपट फैर, आणि जो अधिक चटपटीत उत्तरे देईल त्याला भेटवस्तूंनी भरलेली टोपली. ज्याच्याकडे कशाचीच वाण नाही त्याला भेटींची टोपली देण्याचा हा सोहळा देशाने वर्षानुवर्षे कौतुकाने पाहिला आहे.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो तो विचारणाऱ्याविषयी. करण जोहर हे स्वतः बडे निर्माते व दिग्दर्शक आहेत. त्यांच्या वडिलांनी स्थापन केलेली 'धर्मा प्रॉडक्शन्स' ही संस्था हिंदी चित्रपटव्यवसायातील अग्रगण्य संस्थांपैकी एक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या सीरम उद्योगाचे अदर पूनावाला यांनी या संस्थेतील निम्मा हिस्सा १००० कोटी रुपयांना घेत असल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ असा की कोचावर बसलेल्या तारकेला प्रश्न विचारणारा माणूस तिचा आजचा वा उद्याचा मालक असतो. ती त्याच्या चित्रपटात काम करत असते, करून चुकलेली असते किंवा करू इच्छित असते. गिरणीच्या मालकाने आपल्या कामगाराला समोर बसवून 'तुझे आमच्याकडे कसे चालले आहे?' असे विचारावे आणि त्याला कोणी मुलाखत म्हणावे, तर परळ-लालबागमधले पोरसुद्धा हसेल. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हेच नाते दोस्तीच्या रेशमी आवरणात गुंडाळून पुढे केले जाते आणि प्रेक्षक भुलतो.

दुसरा प्रश्न मंचाच्या मालकीचा आहे. ज्या उद्योगाने हा कार्यक्रम पोसला तो रूपर्ट मर्डोक यांच्या हातून २०१९ साली डिस्नेकडे गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या नियंत्रणाखालील संयुक्त कंपनीत विलीन झाला. चित्रपट काढणारे, चित्रपट दाखवणारे, त्याची जाहिरात करणारे आणि त्याविषयी गप्पा मारणारे हे सारे एकाच अंगणातले झाले. अशा अंगणात प्रश्न कोणी कोणाला विचारायचा? तेथे होतो तो फक्त परस्परांचा गौरव. चित्रपट पडद्यावर येण्याच्या सुमारास नट गप्पांना येतो, मनमोकळे बोलल्याचा आव आणतो आणि तिकीटखिडकीची बेगमी करून जातो. प्रेक्षकाला वाटते, आपल्याला त्याच्या अंतःपुरात प्रवेश मिळाला. वस्तुतः त्याला जाहिरातीच्या मांडवात बसवलेले असते.

या गप्पांत जे बोलले जाते त्याहून जे कधीच बोलले जात नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. चित्रपट हा कारखान्यासारखाच शेकडो हातांनी चालणारा धंदा आहे. लाइटमन, स्पॉटबॉय, सेट उभारणारे सुतार, रंगारी, वेशभूषा सांभाळणारे, गर्दीच्या दृश्यात दिवसभर उन्हात उभे राहणारे कलाकार, यांच्या श्रमांवर तो उभा आहे. या कामगारांच्या सेवाशर्तींसाठी १९८१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. लेखी कराराशिवाय कामावर ठेवू नये, हे त्यातील कलम होते. कायदा असूनही ऑक्टोबर २००८ मध्ये थकलेले वेतन आणि कामाचे तास या मागण्यांसाठी चित्रपट कामगारांच्या महासंघाला मुंबईत काम बंद ठेवावे लागले. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले तेव्हा रोजंदारीवरच्या या माणसांच्या घरी चूल कशी पेटायची हा प्रश्न उभा राहिला. काही ताऱ्यांनी मदत केली, तिची बातमीही झाली. परंतु मदतीची बातमी होते आणि मजुरीची होत नाही, यातच सारे आले. 'तुमच्या मागच्या चित्रपटात किती जणांचे पैसे थकले?' हा एक प्रश्न त्या कोचावर कोणी विचारावा आणि मग भेटींची टोपली कोणाला मिळते ते पाहावे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये या दिवाणखान्यात एकदा ठिणगी पडली. कंगना राणावत यांनी सूत्रधारांच्या तोंडावर, ते चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीचे झेंडेकरी आहेत असे सांगितले. बाहेरून आलेल्या, मोठ्या घराण्याचा आधार नसलेल्या नटीने हे म्हणावे याचे देशभर कौतुक झाले, आणि ते अस्थानी नव्हते. परंतु पुढे काय झाले? घराणेशाही हा शब्द बाजारात आला आणि त्या शब्दावर कार्यक्रम, लेख, विनोद, पुरस्कार सोहळ्यांतील चुटके यांचा धंदा झाला. वाद सगळा एवढ्यापुरताच राहिला की, नायकाच्या जागेवर नायकाचा मुलगा बसावा की बाहेरचा कोणी. त्या जागेखाली जो मांडव आहे तो खांद्यावर धरून उभ्या असलेल्यांचा उल्लेख ना घराण्यातल्यांनी केला, ना बाहेरून आलेल्यांनी. स्वतः कंगना राणावत २०२४ साली भारतीय जनता पक्षाच्या खासदार झाल्या. दरबाराविरुद्धचे बंड दुसऱ्या दरबारात रुजू झाले. ज्या बंडात श्रमिकाला जागा नसते त्याची वाट बहुधा अशीच जाते.

या कार्यक्रमाचा खरा चेहरा उघड झाला तो जानेवारी २०१९ मध्ये. हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल हे क्रिकेटपटू कोचावर बसले होते. पांड्या यांनी स्त्रियांविषयी अत्यंत हिणकस उद्गार काढले. गप्पा चालू राहिल्या, हशाही झाला. असा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत नसतो. तो चित्रित होतो, संकलित होतो, अनेकांच्या नजरेखालून जातो आणि मग दाखवला जातो. या सबंध साखळीत एकालाही त्या बोलण्यात आक्षेपार्ह असे काही दिसले नाही, किंवा दिसले ते विकाऊ वाटले. प्रक्षोभ झाला तो लोकांत. त्यानंतर क्रिकेट मंडळाने दोघांना निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले, आणि एप्रिलमध्ये मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला. त्यांतील १० लाख कर्तव्यावर मरण पावलेल्या निमलष्करी दलांतील दहा शिपायांच्या कुटुंबांना आणि १० लाख अंधांच्या क्रिकेटसाठी द्यावयाचे होते. शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण शिक्षा कोणाला झाली? कोचावर बसलेल्या दोन तरुणांना. ज्यांनी प्रश्न विचारले, ज्यांनी ते बोलणे कापून-जोडून विक्रीला ठेवले, त्यांनी तो भाग आपल्या मंचावरून काढून टाकला आणि प्रकरण मिटले. सूत्रधारांनी आपल्याला जबाबदार असल्यासारखे वाटते असे पुढे बोलून दाखवले. वाटण्याला दंड नसतो. दुकान चालूच राहिले.

आता याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार एका वेलचीच्या जाहिरातीत दिसू लागले. त्या वेलचीचे नाव पानमसाल्याच्या नाममुद्रेशी जोडलेले होते. सामान्य प्रेक्षकांनी त्यांना त्यांच्याच जुन्या भूमिकांची आठवण करून देत जाब विचारला. काही दिवसांतच त्यांना जाहीर माफी मागून त्या कामातून बाजूला व्हावे लागले. हा जाब कोणत्याही कोचावर विचारला गेला नाही. ज्यांच्या हाती ना वाहिनी ना भेटींची टोपली, अशा माणसांनी तो विचारला आणि तो परिणामकारक ठरला. नामवंतांना खरे प्रश्न विचारता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. प्रश्न विचारता येतात, परंतु जेथे विचारणारा आणि उत्तर देणारा यांचे हितसंबंध एकाच गाठीत बांधलेले नसतात तेथेच ते विचारले जातात.

हाच धागा राजकारणापर्यंत जातो. २४ एप्रिलच्या आंब्यानंतर १७ मे २०१९ रोजी पंतप्रधान दिल्लीत पक्षाध्यक्षांसह वार्ताहर परिषदेत बसले. वार्ताहरांच्या प्रश्नांना पक्षाध्यक्षांनी उत्तरे दिली, पंतप्रधानांनी एकही प्रश्न घेतला नाही. नटाच्या प्रश्नांना मनमोकळी उत्तरे आणि वार्ताहरांच्या प्रश्नांना मौन, या दोन दृश्यांतील अंतर एका महिन्याहूनही कमी होते. या दोषाचे धनी एकच पक्ष वा एकच पुढारी आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आज प्रत्येक पक्षाच्या पुढाऱ्याला गप्पांचा कोच हवा असतो. पुढाऱ्याच्या पत्नीला त्याच्या आवडत्या भाजीविषयी विचारले जाते, त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या जातात, एखादे गाणे म्हणवून घेतले जाते. कारखाना बंद का पडला, कालव्याचे पाणी कोणाच्या उसाला गेले, आश्रमशाळेतले मूल का दगावले, हे प्रश्न विचारण्याची वेळ येईपर्यंत कार्यक्रमाची वेळ संपलेली असते. लोकशाहीत प्रतिनिधी हा जनतेला उत्तरदायी असतो, हे तत्त्व कोणी जाहीरपणे नाकारलेले नाही. ते हसतखेळत विसरवले जात आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो असा, की दिवसभर राबून आलेल्या माणसाने घटकाभर मन रमवले तर समाजवाद्यांचे काय बिघडते? यांना हसणे सोसत नाही, हे सगळीकडे वर्गसंघर्ष शोधतात. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला पोट धरून हसवले आहे. निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखी माणसे त्या अंगणात वावरली आणि पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य त्याच कलापथकाने गावोगाव नेले. आणि त्याहूनही मागे गेले तर तमाशातला सोंगाड्या आहे. राजा, प्रधान, कोतवाल, कोणालाही तो सोडत नसे. राजाला त्याच्याच दरबारात, प्रजेच्या समोर, खुळ्याचे सोंग घेऊन अडचणीचा प्रश्न विचारणारा सोंगाड्या हा मराठी मातीतला पहिला मुलाखतकार म्हटला पाहिजे. त्याच्या विनोदात सत्तेची बूज नव्हती, म्हणून तो विनोद निरोगी होता. कोचावरच्या विनोदात सोंगाड्या राजाच्या पंक्तीला जेवायला बसला आहे. आक्षेप हसण्याला नाही. कोण कोणाला हसते, याला आहे.

नामवंताने पडद्यावर येऊच नये असेही कोणाचे म्हणणे नाही. मे २०१२ मध्ये आमीर खान यांचा 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम खासगी वाहिन्यांबरोबर दूरदर्शनवरही दाखवला गेला. तेथे तारा प्रश्न विचारत होता आणि उत्तर देत होते ते स्त्री-भ्रूणहत्येने होरपळलेल्या बाया आणि मैला वाहण्याच्या अमानुष प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन यांच्यासारखे कार्यकर्ते. त्या कार्यक्रमालाही मर्यादा होत्या. दुःखावर हळहळ झाली, व्यवस्थेवर बोट कमीच ठेवले गेले, आणि प्रायोजक तेथेही होतेच. तथापि कॅमेऱ्याचे तोंड फिरवता येते, एवढे त्याने सिद्ध केले. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने तर कोणत्याही ताऱ्याशिवाय हे करून दाखवले. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या मराठी स्त्रियांचे बोल तेथे त्यांच्या नावागावासह, त्यांच्या आवाजात साठवलेले आहेत. तेथे नामवंत कोणी नाही, परंतु प्रत्येकाला नाव आहे.

मग करावयाचे काय? केवळ निषेधाचे ठराव करून हा दिवाणखाना बंद पडणार नाही. पहिली गोष्ट तत्त्वाची. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे, असा निर्णय दिला. त्या खंडपीठातील न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीचे पुढे आधारस्तंभ बनले. तो खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या हक्कावरून उद्भवला होता. निकालाचा लाभ बाजाराने उचलला, त्यातील तत्त्व मात्र धूळ खात पडले. आज कार्यक्रम आकाशातून येवो वा जमिनीखालच्या तारेतून, जनतेच्या डोळ्यांवर आणि वेळेवर चालणाऱ्या व्यवसायाने जनतेला काही देणे लागते, ही मागणी पुन्हा मांडली पाहिजे. १९९७ पासून अस्तित्वात असलेली प्रसार भारती सरकारच्या मुठीतून सोडवण्याची मागणीही तितकीच निकडीची आहे. सरकारी भाट आणि बाजारी भाट यांतून एकाची निवड करा, असे जनतेला सांगितले जात असेल तर ती निवडच नाकारली पाहिजे.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांच्या हातातली आहे. माहितीचा अधिकार महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली कायद्यात आणला. तो मुळात प्रश्न विचारण्याचाच अधिकार आहे आणि तो कोणा वाहिनीच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. गावच्या चावडीवर, कामगारवस्तीच्या चौकात, महाविद्यालयाच्या सभागृहात निवडून आलेल्या प्रतिनिधीला जनतेसमोर बसवून लेखी प्रश्न विचारण्याचे कार्यक्रम जागोजागी व्हावेत. प्रश्न आधी ठरवून त्याच्याकडे पाठवू नयेत आणि हारतुरे शक्यतो टाळावेत. चित्रपट कामगारांच्या संघटनांशी चळवळीचे नाते पुन्हा जोडले पाहिजे. ज्या मुंबईत हे सारे तारे उगवतात त्याच मुंबईत त्यांचे दिवे पेटवणारी माणसेही राहतात. आणि कार्यकर्त्याच्या घरी संध्याकाळी संच लागला असेल तर तो बंद करण्याचा आग्रह न धरता शेजारी बसलेल्या मुलाला एवढेच विचारावे, की या माणसाला काय विचारायला हवे होते? मूल अचूक उत्तर देते. ते उत्तर ऐकून घेतले म्हणजे राजकीय शिक्षणाचा पहिला धडा झाला.

फेब्रुवारी १९७७ मधील एक रविवार जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवन राम यांची सभा होती. लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी राज कपूर यांचा 'बॉबी' दाखवला. त्या काळी असा चित्रपट घरबसल्या पाहायला मिळणे ही पर्वणी होती. लोक तरीही उठले, घराबाहेर पडले आणि मैदान भरले. पुढच्याच महिन्यात सरकार पडले. पडद्याची मोहिनी तेव्हाही होती. परंतु लोकांच्या मनात विचारायचा एक प्रश्न तयार होता आणि तो विचारण्याची जागा त्यांना ठाऊक होती. आज चित्रपट रोज चालू आहे, कॉफी रोज ओतली जात आहे. मैदान कोठे आहे हे सांगण्याचे काम चळवळीचे आहे.